निरोप कुठं भरडायचा

माझा दीर नागू वाईट माणूस नाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्याला जे बोलणार हाय ते ऐकून तुमी म्हणाल, ही सोनाबाई दिरावर उट्टं काढतेय. तसं काय नाय. दारू नाय, बिडी नाय, कुणाच्या बांधावर कधी पाय नाय. त्याला एकच खोड होती. कुणाचा निरोप आला की तो तसाच्या तसा पोचवायचा नाय. आधी त्याचा अर्थ लावायचा, आन मंग नुसता अर्थ पोचवायचा.

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. कळंबात तेव्हा फोन एकच, आमच्या घराला लागून असलेल्या भाताच्या गिरणीतला. नंबर कुणाला ठावं नसायचा. लोक एक्सचेंजला सांगायचे, "कळंबच्या गिरणीवर जोडा," आन जोडून मिळायचं. मंग पलीकडून आवाज यायचा, "लिंबाखालच्या घरातल्या मोठ्या सुनेला सांगा, तिचा भाऊ उद्या येतोय." आता लिंबाखाली काय एकच घर हाय का? आन मोठी सून कुठल्या घरात नसते? पन मी आवाजावरून, गावावरून बरोबर ओळखायची की ही कुठली सून. घर ओळखायचं काम माझं, सायकलवरून निरोप न्यायचं काम नागूचं. माझं घर कधी चुकलं नाय. नागूनं निरोप कधी धड दिला नाय.

तसा दोष त्याच्या एकट्याचा नाय, आमच्या भागाचाच हाय. आमच्याकडं वाईट बातमी कुणी सरळ सांगत नाय. माणूस गेला तर "गेला" असा निरोप धाडायचा नाय, ऐकणारा वाटेतच कोसळला तर काय घ्या! "जरा जास्त हाय, बघून जा," असं सांगायचं. ऐकणारा मनात समजतो, मयतावर घालायचं कोरं कापड घेतो आन निघतो. इथपर्यंत ठीक. पन मंग ज्याला खरोखरच जरा जास्त हाय, त्यानं काय सांगायचं? त्यानं "जरा बरं नाय" सांगायचं. आन ज्याला खरोखरच जरा बरं नाय, म्हंजे नुसतं पोट बिघडलंय, त्यानं? त्यानं गप पडून राहायचं. साधा ताप यायची सोय राहिली नव्हती आमच्याकडं. एकदा गावातल्या जैतूचा पाय मुरगळला म्हणून त्यानं बायकोला माहेराहून बोलावलं, तर अख्खी सासरवाडी छाती बडवत आली. जैतू अंगणात बसून कोंबडी सोलत होता. तोच घाबरला बिचारा, त्याला वाटलं बायकोच गेली.

मी नागूला लाखदा सांगितलं, "अरं, निरोप आला तसा द्यावा. अर्थ ज्याचा त्यानं घरी लावावा."

तो म्हणायचा, "वहिनी, लोकांना भात भरडून दिला तर बरं का तुसासकट दिला तर?"

गिरणीतला माणूस, दुसरं काय बोलणार! मी म्हणायची, "भात त्यांचा हाय. भरडायचा का नाय ते त्यांनी ठरवायचं. तू वाटेत सायकलवर भरडतोस, तूस फेकून देतोस, आन लोकांच्या हातात देतोस ती कणी." तो हसायचा आन घंटी वाजवत निघून जायचा.

आता माझ्या शकूचं सांगते. माझी एकुलती पोर. तिचं लग्न खालापूरला ठरलं होतं, गजाननशेठांच्या बाळारामशी. मुलगा खोपोलीला कारखान्यात, निर्व्यसनी, शकूला पसंत. आदल्या वर्षी मांडवबिंडव सगळं झालं, आन ऐन वेळी त्यांच्या घरात मुलाचा चुलता गेला. सुतक लागलं, लग्न राहिलं. वर्ष गेलं तशा विहिरीवरच्या बायकांच्या जिभा सुटल्या. पोरीचा पायगुण म्हणे! ठरलं तर चुलता गेला, घरात आली तर काय होईल? शकू ऐकायची आन रिकामी कळशी घेऊन घरी यायची. मला काय बोलायची नाय, नुसती कोपऱ्यात बसून तांदूळ निवडायची. निवडलेलेच परत निवडायची.

आता वैशाखातल्या रविवारची तारीख धरली होती. पावसाच्या आधीची शेवटची. परत राहिलं तर मोडलंच, हे दोन्ही घरांना कळत होतं. म्हणून माझी एकच धास्ती, रविवारपर्यंत दोन्हीकडं कुणी मरू नये. देवाकडं दुसरं काय मागितलंच नाय मी. आन खालापूरच्या घरात होते पोशाबाबा, बाळारामचे आजे, नव्वदीला टेकलेले. भेटायला गेले की मी त्यांच्या पाया पडायची आन वर येताना हळूच त्यांच्या तोंडाचा रंग बघायची. बाबा मिश्किल. म्हणायचे, "बघितलास? हाय अजून."

गुरुवारी मी आन आमचे हे कर्जतला बांगड्या आन हळकुंडं आणायला गेलो. एस्टीनं परत आलो तर दारात माणसं मांडवाचे खांब उपटतायत. मांडवावर घातलेले जांभळाचे टाळे, पाल्याच्या डहाळ्या, भुईवर. ओसरीवर बायका डोक्यावरून पदर घेऊन मुसमुसतायत, आन मधोमध नागू, उघडा बोडका, माणसांना सांगतोय, "सावकाश रं, सावकाश."

"काय झालं?" मी ओरडले.

"वहिनी, आधी बसा."

"उभ्यानं सांग!"

"पोशाबाबा गेले."

आधाराला म्हणून मी जवळचा खांब धरला, तर तो आधीच हलवून ठेवलेला. मी खांबासकट ओसरीवर आले. शेजारच्या कोंडीकाकूला वाटलं मी शोकानं अंग टाकलं, तिनं आणखी मोठ्यानं गळा काढला.

उठले, लुगडं झाडलं, आन नागूला धरलं. "फोन कुणाचा होता?"

"गजाननशेठांचा सोताचा."

"'बाबा गेले' असं म्हणाले?"

"असं कोण म्हणतं, वहिनी?"

"मंग काय म्हणाले? शब्दाला शब्द सांग मला."

नागूनं डोकं खाजवलं. "म्हणाले... बाबांचं तसं झालंय, आज येऊन जा."

"तसं म्हंजे कसं? 'बरं नाय' म्हणाले का 'जास्त हाय' म्हणाले?"

"त्यातलंच कायतरी."

"त्यातलंच कायतरी? अरं मेल्या, त्या दोन बोलांच्या मधे एक अख्खा माणूस जगतोय!"

"अर्थ कळल्यावर बोल कोण ध्यानात ठेवतं, वहिनी?" नागू खरंच दुखावला होता. "आन लग्नाचं बोलायचं हाय, असंबी म्हणाले."

"म्हंजे?"

"म्हंजे मोडायचं. सरळ हाय."

आतून शकूचा हुंदका आला. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. तूस फेकून दिलं होतं मेल्यानं, आता दाणा खरा का खोटा ते बघायचं कुठं? आन आमच्या दीरसाहेबांनी नुसता अर्थ लावला नव्हता, त्या अर्थाप्रमाणं सगळं मार्गीसुद्धा लावलं होतं. मांडव उतरवला. आचाऱ्याला नको सांगितलं. भटजींना कळवलं. खालापूरच्या वाघ्या बँडवाल्याला फोन करून रविवारचा बँड रद्द केला.

"त्याला काय सांगितलंस?"

"त्यांच्या गावात त्यांच्या मयताची बातमी आपण कशी फोडायची? म्हटलं, आमच्याकडंच जरा अडचण झालीय."

जन्मात एकदा नागूला शहाणपण सुचलं, आन नेमकं तेच नडलं. ते पुढं येईल.

मी म्हटलं, आपण सरळ विचारू. व्याह्यांच्या शेजारी किराणा दुकान होतं, तिथं फोन होता. एक्सचेंजला सांगितलं, नशिबानं लाइन लगेच लागली. दुकानदारानं उचलला.

"हॅलो, मी कळंबहून सोनाबाई बोलतेय. शकूची आई. मला जरा सांगा..."

पलीकडून किंकाळी आली. "आई गंऽऽ!" मंग कायतरी धाडकन पडलं, आन नुसती खरखर.

आता तुमीच सांगा, मी काय समजायचं? मी नुसतं नाव सांगितलं आन बाप्यामाणूस किंचाळला. म्हटलं, केवढा आकांत चालला असेल तिथं! एवढी जसंच्या तसं, जसंच्या तसं करणारी मी, पन त्या किंकाळीचा अर्थ मी उभ्या उभ्या लावला आन साधं लुगडं काढायला आत गेले.

शकू कोपऱ्यात बसली होती. "आई, नक्की गेलेत का गं?"

"हो गं बाई."

"तू बघितलंस?"

मी पेटीतलं लुगडं शोधायला लागले.

"बघून ये," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय मला सांगू नको. गेल्या वर्षीपास्नं सगळे मला ऐकीवच सांगतायत." आन तिनं तोंड भिंतीकडं केलं. मला रडू फुटलं, ते मात्र बाबांसाठी नव्हतं.

भाताच्या टेंपोत आमी निघालो. मागं रिकाम्या पोत्यांवर बायका, पुढं आमचे हे आन नागू. नागूच्या काखेत कोरं कापड. कोंडीकाकू कर्जतपर्यंत थोडं थोडं रडत होती, आवाज गरम राहावा म्हणून. मी डोळे मिटून एकच घोकत होते, 'देवा, मोडू नको.' माणूस गेल्याचं दुःख करायचं सोडून मी लग्नाचं घोकतेय याची लाजबी वाटत होती, पन घोकणं काय थांबेना.

चौकच्या फाट्यावर टेंपो तापला. ड्रायवर चहाच्या टपरीवर पाणी मागायला उतरला. तेवढ्यात समोरून खालापूरकडनं दुसरा टेंपो आला आन आमच्यासमोर करकचून थांबला. आत बघते तर गजाननशेठ! मागं बायका, डोक्यावरून पदर, आन सगळ्यांत पुढं माझी विहीण, ठकीबाई.

मयत घरात टाकून ही माणसं टेंपोत बसून निघाली कुठं, हा सवाल मला तिथल्या तिथं पडायला पाहिजे होता. पन आमच्याकडं समोरून रडत आलेल्या बाईला आधी मिठी मारतात, सवाल मंग. आन माझ्या मनात एकच, ही माणसं लग्न मोडायला सोता निघालीत. मी पदर नाकापर्यंत ओढला, खाली उतरले, आन ठकीबाई माझ्या गळ्यात पडल्या.

"बाई गंऽऽ!" त्यांनी हेल काढला. "असं कसं गं झालंऽऽ!"

"धीर धरा गं बाईऽऽ!" मीबी काढला.

"लेकीचं लग्न बघायचं राहिलं गंऽऽ!"

राहिलं! माझं काळीज चरकलं. म्हटलं, मोडलं हे नक्की. मी त्यांना आणखी घट्ट धरलं. "असं नका म्हणू गंऽऽ! थोडं थांबा गंऽऽ!"

पलीकडं गडीमाणसं एकमेकांच्या पाठीवर हात फिरवत होती. गजाननशेठ नागूला म्हणत होते, "धीर धरा." नागू म्हणत होता, "तुमी धीर धरा." "नाय, नाय, तुमी धरा." "आमचं काय, तुमच्या घरचं माणूस." "माझं काय, तुमच्या घरची तर लक्ष्मी." नाव कुणीच घेत नव्हतं. मेलेल्याचं नाव पयल्या भेटीत घ्यायचं नाय, ही आमच्याकडची रीत. रडायचं, पाठीवर हात फिरवायचा, आन नाव मंग चहाच्या वेळेला. टपरीवाला किटली हातात घेऊन उभा होता, त्याला कळेना चहा कुणाला आधी द्यायचा.

ठकीबाईंचं चालूच होतं. "तोंडाची फटकळ होतीस गं, पन मनानं चांगली होतीस गंऽऽ!"

होतीस?

"मानपानाला कधी मागं सरली नाय गंऽऽ! व्याह्यांचा एक शब्द खाली पडू दिला नाय, सगळे वरच्यावर परत मारले गंऽऽ! एवढ्या मोठ्या तोंडाची बाई देवानं अशी कशी नेली गंऽऽ!"

मी पदर मागं टाकला. "कुणाला नेली?"

ठकीबाईंनी रडता रडता एक डोळा उघडला. माझ्याकडं बघितलं. तो डोळा मिटला, परत उघडला. मंग त्या आवाज न करता हळूहळू खाली रस्त्यात बसल्या.

"कोण मेलंय?" मी दोन्ही टेंपोंना ऐकू जाईल असं ओरडले. "नाव घ्या आधी! नाव!"

कोंडीकाकूचं रडणं मधेच तुटलं. आन त्यांच्या टेंपोच्या पुढल्या सीटवरनं बारीक आवाज आला, "उतरवा रं मला. सोनाबाईची माणसं आली का? माझी गुणाची सोनाबाई गेली रं..."

बाळारामनं हात धरून उतरवलं. पोशाबाबा! काठी टेकत, डोळ्यांतनं पाणी गळतंय, धोतर सुटायला आलेलं. नागू 'भूत' म्हणून ओरडला नाय, पळाला नाय. तो एवढंच म्हणाला, "असं कसं?"

मंग सगळा उलगडा झाला. नागूनं वाघ्या बँडवाल्याला फोन केला तेव्हा मागं बायका रडत होत्या, ते वाघ्यानं ऐकलं. तो म्हणाला, "सोनाबाईंना द्या फोन." कारण बँडची घासाघीस माझ्याशी झाली होती. मी कर्जतला, कुठनं बोलणार? नागूला वाटलं जास्त बोलण्यात अर्थ नाय, त्यानं फोन ठेवला. वाघ्यानं हिशोब केला. कळंबच्या गिरणीचा फोन, घरात अडचण, बायका रडतायत, आन सोनाबाई असून बोलत नाय? म्हंजे सोनाबाई नाय. तो तसाच धावत व्याह्यांच्या घरी. गजाननशेठांनी वाघ्याला शब्द विचारले नाहीत, नुसता अर्थ घेतला. दुकानदारानंबी घेतला, म्हणून तर मी फोनवर नाव सांगितल्यावर तो किंचाळला.

टपरीवाला हसला पयला. मंग बाळाराम. मी हसणार, तेवढ्यात पोशाबाबांची नजर नागूच्या काखेत गेली.

"हे कुणाला आणलंस?"

नागूनं कापड पाठीमागं लपवलं. पन काठीसारखा किडकिडीत माणूस तो, कापड लपणार कुठं!

"जित्या माणसावर कापड घेऊन निघालात?" बाबांचा आवाज चढला. "पोरगी द्यायच्या आधी मला तिरडीवर बांधलात? गजा, टेंपो फिरव. असल्या घरची..."

ते वाक्य पुरं झालं असतं तर माझी शकू संपली असती. मी मधे घुसले. मोठ्या माणसाला असं बोलू नये, पन मी बोलले. "थांबा बाबा. आधी तुमच्या टेंपोत काय हाय ते दाखवा!"

गजाननशेठ झटकन टेंपोत चढून कशावरतरी बसले, मंग आणखी नीट बसले.

"उठा शेठ," मी म्हटलं. "उठा, उठा."

शेठ उठले. खाली कोरं कापड. आन खरं ते सांगते, आमच्यापेक्षा भारी होतं. आमचं नागूनं आणलेलं मांजरपाट, त्यांचं चांगलं लांबरुंद, मऊ.

मी ते हातात घेऊन बघितलं. "बाबा, मला एवढं भारी आणलंत, आन आमी तुमाला मांजरपाट. राग बरोबर हाय तुमचा."

बाबांनी माझ्याकडं बघितलं, कापडाकडं बघितलं, आन त्यांच्या पोटातनं हसू आलं. काठीवर वाकून वाकून हसले. मंग खोकला लागला. तो थांबेचना. बाळारामनं पाणी दिलं, पाठ चोळली. बाकीचे अजून हसत होते, पन माझं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. काठीवरचा हात नुसती हाडं झाला होता. मागल्या भेटीत तसा नव्हता.

टपरीच्या बाकड्यावर बसवलं त्यांना. मी समोर भुईवर बसले. "बाबा, निरोप काय होता? तुमच्या तोंडानं सांगा."

"एवढाच. मला जरा बरं नाय, आज येऊन जा, लग्नाचं बोलायचं हाय."

"आन त्याचा अर्थ?"

"अर्थ फोनवर द्यायचा नव्हता गं, म्हणून तर या म्हटलं. मधल्या लोकांनी कशाला लावला?" त्यांनी दम घेतला. "शनिवारी मला मुंबईला नेणार. कापायचं म्हणतात पोटात. मी परत येईन का, असं डॉक्टरला विचारलं, तर तो छताकडं बघायला लागला. मी जर रविवारच्या आधी आटपलो, तर तुझ्या पोरीचं परत राहील. विहिरीवर काय बोलतात ते माझ्याबी कानावर येतं. चुलता गेला तो तिच्यापायी, आजा गेला तोबी तिच्यापायी, मंग त्या पोरीनं तोंड कुठं दाखवायचं? म्हणून म्हटलं, उद्याच उरका. गोरजावर लावा. गोरजाला पंचांग लागत नाय."

ठकीबाई रस्त्यातनं उठून येऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या. पोशाबाबा मेले असते तर मी केवढी रडले असते ते मला तिथं बसून कळलं, आन निघाल्यापास्नं मी लग्नाचंच घोकत होते आन हा म्हाताराबी तेच घोकत होता, हेबी कळलं.

मंग काय धावपळ! परत खांब रोवले, परत टाळे आणले. आचारी हाता-पाया पडून आणला. लग्न उद्यावर आलं हे सांगायला नागूलाच सायकलवर धाडला, पन जायच्या आधी त्याला दारात उभा करून माझ्यासमोर म्हणायला लावलं. "उद्या गोरजावर शकूचं लग्न हाय, जेवायला या." परत म्हण. परत म्हण. शेवटी तो रडकुंडीला आला, "वहिनी, याला दुसरा अर्थच नाय, भरडू काय मी?" पन गाव आमचंच. नागूनं शब्दाला शब्द सांगितलं आन लोकांनी आपापल्या घरी अर्थ लावला. निम्मं गाव मांडवात आलं ते मी जिवंत हाय का बघायला. वाघ्या तर येईचना. आधी त्यानं ढोलवाल्याला धाडलं, त्यानं मला लांबनं बघितलं, मी त्याला एक शिवी घातली, तेव्हा बँड आला.

शुक्रवारी सूर्य कलता कलता लग्न लागलं. पोशाबाबा सगळ्यांत पुढं खुर्चीवर. अक्षता अशा मूठ भरभरून टाकत होते की भटजींच्या तोंडात गेल्या. शकूनं हार घातला तेव्हा तिनं आधी बाबांकडं बघितलं, मंग नवऱ्याकडं. मी बघितलं ते. विहिरीवरच्या बायकाबी आल्या होत्या, त्यांनी पंगतीत बसून जिलबी मागून घेतली. वाढताना माझा हात काय जड झाला नाय. पोर माझी मांडवात होती, मला आणखी काय पाहिजे?

पाठवणीच्या वेळी टेंपोत सामान चढत होतं. बाबा ओसरीवर एकटे बसले होते, द्रोणातली जिलबी बोटानं मोडत. डॉक्टरनं नको सांगितलेली. मी शेजारी जाऊन बसले.

"बाबा, डॉक्टरनं नुसतं छताकडं बघितलं का? खरं सांगा."

"तुला सरळ पाहिजे?"

"मला सरळच लागतं. तुमाला ठावं हाय."

"मंग ऐक." त्यांनी जिलबीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. "मुंबईला नेतायत ते पोरांच्या समाधानासाठी. माझं आटपलंय. पावसाळा दिसायचा नाय."

जन्मभर मी लोकांना ओरडत आले, सरळ सांगा, जसंच्या तसं सांगा. आन आता त्यांनी सरळ माझ्या हातात दिलं, तर ते कुठं ठेवायचं तेच मला कळेना. आन माझ्या तोंडातनं निघालं, "काय बोलता, बाबा! काय नाय होत तुमाला. दिवाळीला मी शकूला न्यायला येईन तेव्हा तुमीच ओटीवर बसलेले असाल, म्हणाल, 'हाय अजून.' आन पुढल्या वर्षी पणतवाचं बारसं. तुमच्या मांडीवर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे अगदी निवळ होते. "खोटं बोलतेस गं, सोनाबाई."

"हो," मी म्हटलं.

"बोल. अजून बोल."

मंग टेंपो सुरू होईपर्यंत आमी तिथंच बसलो, आन बारशाला जिलबी करायची का लाडू, यावरनं आमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं.